बिऱ्हाड कॅरिअरवर

दुधाच्या फेरीवरची सायकल स्टँडला लावलेली दिसली, की जवळ जाऊन बघावी. कॅरिअरच्या दोन्ही अंगांना लोखंडी पट्टीचे आकडे असतात आणि त्यांत किटल्या अडकवलेल्या. किटलीचं तोंड कॅरिअरच्या पातळीला येतं, बूड मागच्या चाकाच्या आसाजवळ उतरतं. म्हणजे सगळं दूध जमिनीलगत जितकं आणता येईल तितकं आणलेलं असतं, आणि तेही मागच्या चाकाच्या बरोबर दोन्ही बाजूंना. एकच किटली रिकामी होत गेली तर सायकल एका अंगाला ओढते, म्हणून माप आलटून पालटून निघतं. पट्टी आणि किटली यांच्यामध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा कोंबलेला असतो. त्याने खड्ड्यात आवाज होत नाही आणि पत्र्याला पोचाही पडत नाही. कॅरिअरचे पाय थेट मागच्या आसाच्या नटाखाली कसलेले. स्टँड दोन पायांचं, रुंद, भरल्या वजनाला न कलंडणारं.

ही सायकल अशीच्या अशी कुठल्या दुकानात मिळत नाही. दुकानातून आणलेली साधी सायकल दूधवाल्याने वेल्डिंगवाल्याकडे नेऊन, वापरत वापरत अशी करून घेतलेली असते. सामान लादून सायकलवर परगावी जायचं असेल तर जे शिकायचं त्यातलं बहुतेक सगळं या एका सायकलीत आहे: वजन खाली, वजन दोन्हीकडे सारखं, सामान हलू द्यायचं नाही, आणि जोडणी आसाशी.

हे सांगण्याचं कारण असं, की सायकलवरून दोन-तीन दिवस कुठे जाऊन यावं असं मनात आलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ‘सायकल कुठली घ्यायची?’ हा असतो. मग किमती बघणं सुरू होतं, आकडे ऐकून छाती दडपते आणि बेत बारगळतो. माझं म्हणणं सरळ आहे. दोन-तीन दिवसांच्या प्रवासाला नवी सायकल लागत नाही. रोज ऑफिसला, स्टेशनवर, कॉलेजला नेतो तीच पुरते. हात घालावा लागतो तो मागच्या चाकाला, गिअरला आणि कॅरिअरला. आणि या सगळ्याच्या आधी सामानाच्या यादीला.

हे पडताळून बघायचं तर जागाही तशीच हवी. फार लांब नको, पण सकाळी जाऊन दुपारी घरी जेवायला येता येईल इतकी जवळही नको. मुंबई, ठाणे, पनवेल, अलिबाग इथल्या माणसाला गागोदे बुद्रुक अगदी नेमकं पडतं. रायगड जिल्ह्याच्या पेण तालुक्यातलं हे गाव. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनायक नरहर भावे, म्हणजे आपले विनोबा, इथे जन्मले. पेणपर्यंत हमरस्ता आणि पुढे डोंगरांकडे वळणारी गावची वाट असल्यामुळे सपाटी, चढ, रहदारी आणि खडबडीत रस्ता हे सगळं एकाच प्रवासात भेटतं. शिवाय ज्या माणसाने देशाचा मोठा भाग पायी पालथा घातला, त्याच्या गावी स्वतःच्या पायांच्या बळावर पोचावं यात मला फार अर्थ वाटतो.

आपली साधी सायकल मुळात ओझ्याचीच होती, हे आपण विसरलो आहोत. जुनी काळी, दांडीच्या ब्रेकची, २८ इंची चाकाची सायकल आठवा. तिच्या पुढच्या चाकाला ३२ आरे असत आणि मागच्याला ४०. हे इंग्रजी घडणीचं गणित. मागच्या चाकावर चालवणारा, कॅरिअरवरचा दुसरा माणूस आणि वर पिशव्या, एवढं सगळं येणार हे धरूनच ते केलेलं होतं. वजन वीस-बावीस किलोच्या घरात. आस ते आस अंतर लांब, त्यामुळे कॅरिअरवरचं ओझं टाचेला लागत नसे आणि खड्ड्यात सायकल उसळतही नसे. भारतात १९५०च्या दशकापासून सोनीपतची अ‍ॅटलस, लुधियानाची हीरो यांनी हाच नमुना लाखोंनी काढला. गावोगावचे पोस्टमन, पाववाले, मासळीवाले, भांड्याला कल्हई लावणारे, साऱ्यांचा धंदा या सायकलींवर उभा होता. अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, नेमका जागतिक सायकल दिनी. ती बातमी वाचून हळहळलेली पुष्कळ माणसं मला माहीत आहेत.

मुंबईचे डबेवाले आजही तशाच सायकलींवर दिसतात. १८९०च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेल्या या व्यवस्थेत मावळ, मुळशी, खेड, जुन्नरकडची माणसं. स्टेशनबाहेर डबे उतरले की कॅरिअरवर रचले जातात आणि उरलेले हँडलच्या दोन्ही बाजूंना लटकतात. हँडलवरचं ओझं वळताना जड लागतं, हे खरं. पण मागचं चाक जमिनीला आणि पुढचं हवेत अशी अवस्था त्याने होत नाही. पुढे थोडं वजन असणं चांगलं असतं, हा मुद्दा पुढे येणारच आहे.

ओझं किती वाहता येतं याची टोकाची उदाहरणंही आहेत. झारखंडात गिरिडीह, हजारीबागच्या बाजूला कोळशाची पोती लादलेल्या सायकली मैलोन् मैल ढकलत नेणारी माणसं दोनशे किलोंपर्यंत आणि त्याहूनही जास्त माल नेतात. १९५४ साली व्हिएतनाममध्ये दिएन बिएन फूच्या वेढ्याच्या वेळी रसद अशीच सायकलींवरून जंगलातून गेली. हँडलला बांबू बांधून लांबवलेलं, सीटच्या नळीत दुसरा बांबू खोचलेला, आणि माणूस बाजूने चालत ढकलतो आहे. या दोन्ही ठिकाणी सायकल कोणी चालवत नाही, ढकलतात. आणि त्यातच खरी गोम आहे. सांगाडा दोनशे किलो सोसतो. आपण वर बसून पायडल मारायला लागलो, की पहिली बोंब मारतं ते मागचं चाक.

लांबच्या प्रवासाला साधी सायकल चालते का, याचं उत्तर मुंबईकरांनी शंभर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलं आहे. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा पारशी तरुण मुंबईतून सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे मार्च १९२८मध्ये प्रदक्षिणा पुरी करून परतले. अंतर भरलं सुमारे ७१ हजार किलोमीटर. वाळवंटं, डोंगर, जंगलं, सगळं त्यात आलं. १९६३च्या जानेवारीत डर्व्हला मर्फी ही आयरिश बाई आर्मस्ट्राँग कॅडेट नावाच्या सायकलवर हिंदुस्थानला यायला निघाली. तिने निघण्याआधी सायकलीचा तीन वेगांचा गिअर चक्क काढून टाकला. आशियातल्या रस्त्यांवर तो बिघडेल आणि दुरुस्त करणारा मिळणार नाही, असा तिचा हिशेब होता. त्या काळी तो बरोबरही असेल. आपल्याला कोकणातले चढ चढायचे आहेत आणि पेणच्या बाजारात मोटारसायकलपर्यंत सगळं दुरुस्त होतं, म्हणून मी उलट सांगेन. गिअर ठेवा, आणि त्यातला सगळ्यात हलका आणखी हलका करून घ्या.

ते कसं, ते जरा आकड्यांनीच बघू, कारण हा भाग लोक अंदाजाने करतात आणि मग घाटात सायकल हातात धरून चालत राहतात.

जुन्या २८ इंची सायकलला पुढे ४४ दात आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ दात असतील, तर पायडलच्या एका फेऱ्याला सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे सुखाचं. चढावर मात्र मिनिटाला चाळीस फेऱ्यांच्या खाली पाय गेले की पायडल फिरवत राहणं अवघड होतं. चाळीस फेऱ्या म्हणजे ताशी तेरा किलोमीटर. आता माणूस, सायकल आणि सामान मिळून शंभर किलो धरा आणि शंभर मीटरला सात मीटर चढणारा रस्ता घ्या. तेरा किलोमीटरच्या वेगाने तो चढायला अडीचशे वॅटच्या आसपास ताकद लागते. रोज ऑफिसला सायकलने जाणारा धडधाकट माणूस बराच वेळ टिकवू शकतो ती ताकद शंभर-दीडशे वॅटची. म्हणजे तो उतरणार आणि ढकलणार, यात नवल नाही.

त्याच सायकलला मागे २२ दातांचं फ्रीव्हील बसवलं तर एका फेऱ्याला साडेचार मीटरपेक्षा थोडं कमी अंतर पडतं आणि तोच चढ दोनशे वॅटवर येतो. अजून जडच आहे, पण लहान चढ आणि खिंडी निघतात. फ्रीव्हील बदलणं हे सायकलच्या दुकानातलं अर्ध्या तासाचं काम. साखळीला एखादी कडी वाढवावी लागते, बस. एक गिअरच्या सायकलला एवढा स्वस्त आणि एवढा उपयोगी बदल दुसरा नाही.

हायब्रीड म्हणून मिळणाऱ्या हल्लीच्या सायकली या बाबतीत नशीबवान. त्यांच्यावर पुष्कळदा पुढे तीन चकत्या असतात, ४२, ३४ आणि २४ दातांच्या, आणि मागे १४ ते २८ दातांचं सात चकत्यांचं फ्रीव्हील. सगळ्यात हलक्या गिअरवर एका फेऱ्याला दोन मीटरच्या आतच सायकल पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे शांतपणे मारले तरी वेग सातच्या आत राहतो आणि तो सात टक्क्यांचा चढ सव्वाशे-दीडशे वॅटमध्ये निघतो. आपला घाट हाच, आणि तो बसल्या बसल्या निघतो. सामान जास्त असेल तर मागे १४ ते ३४ दातांचं फ्रीव्हील मिळतं. मात्र साखळी चकत्यांवर सरकवणारा मागचा डिरेलर तेवढी मोठी चकती घेतो का, हे आधी विचारून घ्यावं. पुढे एकच चकती असलेल्या दिखाऊ सायकली हल्ली खपतात. त्यांच्यावर ओझं घेऊन चढ चढायचा असेल तर मागचं फ्रीव्हील मोठं करण्यावाचून गत्यंतर नाही.

आता मागचं चाक. यावर जितका वेळ घालवाल तितका थोडा.

पन्नास किलोमीटर जाताना चाक सुमारे तेवीस हजार वेळा फिरतं. दर फेऱ्याला प्रत्येक आरा एकदा तळाला येतो, तेव्हा त्याचा ताण क्षणभर सैल होतो, आणि वर जाताना पुन्हा भरतो. ओझं जास्त म्हणजे ही सैल-ताठ जास्त. आरा मुळात घट्ट ताणलेला असेल तर हे हेलकावे तो सोसतो. आधीच ढिला असेल तर दर फेऱ्याला वाकतो-सरळ होतो, आणि एक दिवस हबच्या भोकापाशी, जिथे तो काटकोनात वळलेला असतो तिथेच, तुटतो. बहुतेक वेळा साखळीच्या बाजूचा. फ्रीव्हीलला जागा द्यायची म्हणून त्या बाजूचे आरे जास्त उभे आणि जास्त ताणलेले असतात, आणि वाकडी खोड नेमकी अशी की तो बदलायला फ्रीव्हील काढावं लागतं. रस्त्याकडेला ते हत्यार कोणाकडे नसतं.

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी मागच्या चाकाचा आऊट काढून घ्यावा, आणि तो काढताना शेजारी उभं राहावं. कारागीर सायकल उलटी करतो किंवा चाक काढून जुन्या फोर्कात अडकवतो. चाक फिरवत रिमच्या कडेला खडू धरतो. जिथे रिम बाहेर आली आहे तिथेच खडूची रेघ उमटते. मग त्या रेघेच्या आसपासचे आरे निपलच्या पान्याने पाव-पाव फेरा. एका बाजूचा कसायचा, शेजारचा दुसऱ्या बाजूचा सैल करायचा. पुन्हा चाक फिरवायचं, पुन्हा खडू. चांगला कारागीर मध्येच दोन-दोन आरे मुठीत दाबतो आणि नख मारून आवाज ऐकतो. एका बाजूच्या साऱ्या आऱ्यांचा आवाज जवळपास सारखा यायला हवा. एखादा भद्द वाजला की तो ढिला. रिम सरळ दिसते पण ताण कमी-जास्त आहे असं पुष्कळदा होतं, आणि तसं चाक रिकाम्या सायकलवर वर्षभर चालतं पण सामानाखाली दोन दिवसांत जिरतं. ‘सरळ झालं’ एवढ्यावर समाधान मानू नये, ‘सगळे आरे सारखे ताठ करा’ असं सांगावं. त्याला दहा-वीस रुपये जास्त द्यायला लागले तर आनंदाने द्यावेत. या कामात हात असलेली माणसं आता कमी होत चालली आहेत.

मागच्या चाकाला २८च आरे असतील आणि चालवणारा वजनदार असेल, तर मी ३६ आऱ्यांचं, जाड रिमचं चाक बांधून घ्यायला सांगेन. मोठा खर्च करायचाच असेल तर तो इथे करावा.

कॅरिअर घेताना एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: त्याचे पाय खाली आसाजवळ टेकतात की नाही. सीटच्या दांड्याला शिकंजाने आवळायचं, मागे तरंगणारं कॅरिअर बाजारात पुष्कळ मिळतं. ते डबा आणि पावसाळी कोट यांच्यासाठी ठीक. त्यावर दहा किलो टाकले की ते दांड्याभोवती फिरतं आणि वजनही नको तितकं वर राहतं. चार पायांचं, सायकलच्या सांगाड्याला असलेल्या भोकांत बोल्टने बसणारं कॅरिअर घ्यावं. भोकं नसतील तर आत रबर घालून नळीला आवळायच्या पट्ट्या मिळतात. मागे डिस्क ब्रेक असेल तर ब्रेकच्या यंत्राला वळसा घालणारे रुंद पाय लागतात. बोल्टना नायलॉनचा आतला घेर असलेले नट लावावेत आणि तरीही पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर उतरून एकदा कसावेत, कारण नवी जोडणी ओझ्याखाली बसते आणि नट सैल होतात. एक जादा बोल्ट कॅरिअरलाच कुठेतरी पिळून ठेवावा, म्हणजे शोधावा लागत नाही.

कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना लटकणाऱ्या पिशव्या विकत मिळतात आणि जलरोधक असतील तर महागही असतात. दोन रात्रींसाठी त्या लागतातच असं नाही. जाड कॅनव्हासच्या दोन सारख्या पिशव्या, पाठीला ताठ प्लॅस्टिकचा तुकडा घातलेल्या, वर एकमेकींना पट्ट्याने जोडलेल्या आणि खाली कॅरिअरच्या पायाला बांधलेल्या, हे शिंप्याकडून एका संध्याकाळी होतं. ताठ पाठ हवीच, नाहीतर कापड आऱ्यांत ओढलं जातं. आत सामान मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत. बांधायला जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या, ज्या कुठल्याही पंक्चरवाल्याकडे फुकट मिळतात आणि हुकवाल्या इलॅस्टिकपेक्षा कितीतरी घट्ट धरतात. सुटलेल्या हुकाचं टोक मागच्या चाकात गेलं की काय होतं ते सांगायला नको.

हल्लीच्या सायकली आखूड असतात. पिशवी पुढे आली की पायडल मारताना टाच तिला लागते. ती मागे सरकवावी, पण आसाच्या फार मागे नको. मागे गेलेलं वजन सायकलची शेपटी हलवतं. टाच मोकळी राहील इतपत मागे, त्याहून जास्त नाही. आणि डबेवाल्यांकडून घ्यायचं ते इथे: दोन-तीन किलो पुढे हँडलवर ठेवावेत. सगळं मागे लादलं की चढावर पुढचं चाक हलकं पडून भरकटतं. हँडलच्या पिशवीत जड पण लहान गोष्टी, हत्यारं, कुलूप, केळी. पुढे स्प्रिंगचा फोर्क असेल तर यापेक्षा जास्त काही टाकू नये.

सामानाची यादी मी शेवटाकडे घेतली, पण करायची मात्र पहिल्यांदा. विनोबांचं इथे आठवतं. १९१७-१८ साली गांधीजींच्या आश्रमातून वर्षभराची रजा घेऊन ते वाईला नारायणशास्त्री मराठ्यांकडे शिकायला गेले, आणि मग महाराष्ट्रात चारएकशे मैल पायी हिंडले. पुढे १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्लीला भूदानाचा उगम झाला, तेव्हा ते पंचावन्न वर्षांचे होते. त्यानंतर तेरा वर्षं रोज नवं गाव, रोज दहा-बारा मैलांची चाल, पहाटे अंधारात निघायचं आणि ऊन तापायच्या आत मुक्काम गाठायचा. तेरा वर्षं चालणाऱ्याला जे लागलं नाही ते आपल्याला दोन दिवसांना का लागावं, हा प्रश्न प्रत्येक वस्तू पिशवीत टाकताना स्वतःला विचारावा. त्याने यादी भराभर आखडते.

माझ्या मते पाणी धरून दहा-बारा किलोंच्या वर जाऊ नये. तीन लिटर पाण्याचे तीन किलो. कपड्यांचा एक जादा जोड, पंचा, चादर आणि पातळ अंथरूण मिळून तीन-साडेतीन. हत्यारं, जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, पंप आणि कुलूप दोन-अडीच. खाणं एक किलो. औषधं, दिवा, कागदपत्रं उरलेलं. तंबू नको, स्टोव्ह नको. पेण, वडखळला मिसळीपासून राइस प्लेटपर्यंत सगळं मिळतं. मुक्कामाची सोय मात्र निघण्याआधी फोन करून पक्की करावी, संध्याकाळी कुणाच्या दारात जाऊन उभं राहू नये.

टायरबद्दल थोडकंच. ३५ ते ४० मिलिमीटर रुंदीचं टायर, मागच्यात पुढच्यापेक्षा जास्त हवा, आणि टायरच्या कडेला छापलेली मर्यादा ओलांडायची नाही. व्हॉल्व्हकडे मात्र लक्ष हवं. जुन्या सायकलीचा रबरी नळीचा व्हॉल्व्ह प्रत्येक सायकलवाल्याकडे भरला जातो. हायब्रीडचा मोटारसायकलसारखा असतो, म्हणून स्कूटरच्या पंक्चरवाल्याकडेही चालतो, फक्त कॉम्प्रेसरने दोन सेकंदांत ट्यूब फुगून फुटेल हे ध्यानात ठेवून थोडी थोडी हवा भरायला सांगावी. २८ इंची ट्यूब खेड्यातल्या दुकानात मिळते, हायब्रीडची ७०० मापाची बहुधा मिळत नाही. आपली चाकं ७००ची असतील तर ट्यूब जवळ पाहिजेच. ब्रेकचे रबर झिजलेले असतील तर बदलावेत. पोलादी रिमवर दांडीचा ब्रेक ओल्यात जवळजवळ लागतच नाही, म्हणून अशी सायकल पावसात सामानासकट उतारावर नेऊ नये.

आता वाट. पहिली सगळ्यांच्या ओळखीची: पनवेल, पळस्पे, कर्नाळ्याची खिंड, खारपाड्याचा पूल आणि पेण, तीस-पस्तीस किलोमीटर. चढ असा कर्नाळ्यालाच, आणि तोही झाडीतून, अभयारण्याच्या कडेने. गिअर ठीक असेल तर सुखाचा. दुःख आहे ते रहदारीचं. पळस्पे ते इंदापूर या पट्ट्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं आणि पुढे वर्षानुवर्षं रखडलं. या काळात या रस्त्याने कोकणी माणसाला जे भोगायला लावलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. सायकलवाल्याने इथे रविवारी पहाटे निघावं, मागे लाल दिवा चालू ठेवावा आणि अवजड गाडीला वाट देताना लाज बाळगू नये.

मला त्यापेक्षा समुद्राची वाट आवडते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट २०२० साली सुरू झाली, तिच्यावर सायकल चढवता येते. तासाभरात मांडवा, मग अलिबागच्या बाजूने कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ आणि पेण. नारळ-सुपारीच्या वाड्या, मग भातखाचरं आणि खाडीकडची मिठागरं. उन्हाळ्याच्या तोंडाला गेलात तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या असतात. तिसरी वाट लोकलने खोपोलीला उतरून पेण-खोपोली रस्त्याने. एका वाटेने जाऊन दुसरीने यावं, म्हणजे तेच ते होत नाही.

दिवाळीनंतरचे तीन-चार महिने हीच खरी सायकलची वेळ. दुपारचं ऊन मात्र ऑक्टोबरातही भाजून काढतं, म्हणून विनोबांचं वेळापत्रक घ्यावं: उजाडायच्या आत निघायचं आणि अकराला सावली गाठायची. पौष-माघात गेलात तर वालाच्या शेंगा भरलेल्या असतात आणि संध्याकाळी रायगडात कुठे ना कुठे भांबुर्डीचा पाला घातलेलं पोपटीचं मडकं जाळावर असतं.

पेण सोडून गागोद्याच्या वाटेला लागलं की हमरस्त्याची घरघर मागे पडते. चालणाऱ्याला गाव लांबून दिसतं, मोटारवाल्याला एकदम समोर येतं; सायकलवाल्याला ते चालणाऱ्यासारखंच हळूहळू उलगडतं, फक्त जरा लवकर. विनोबांचं बालपण याच गावात आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासात गेलं. वडील नोकरीनिमित्त बडोद्याला असत, आणि पुढे बिऱ्हाड तिकडेच हललं. घरचा फणस फोडला की पहिले गरे शेजारीपाजारी पोचवायला आई धाकट्या विन्याला पाठवायची, अशी त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. जमीन मागत दारोदार फिरलेल्या माणसाचं पहिलं शिक्षण या अंगणात झालं, हे इथे आल्यावर जास्त पटतं. इथे घाई करू नये. सायकल सावलीत लावावी, मोठ्याने बोलू नये, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना नमस्कार करून चार गोष्टी विचाराव्यात. भरलेली सायकल बघून तीच आधी विचारतात, ‘कुठून आलात?’

परतीला पेणच्या बाजारात थांबणं आलंच. पेणचे पोह्याचे पापड वजनाला काहीच नसतात, पण ते पिशवीच्या तळाशी गेले तर घरी चुरा पोचतो. सगळ्यात वर, चादरीच्या घडीत, आणि ट्यूबची पट्टी त्यांच्यावरून न नेता बाजूने.

घरी आल्यावर दोन कामं त्याच संध्याकाळी करावीत. चाक फिरवून आरे एकदा हाताने दाबून बघावेत, नवं चाक असेल तर पहिल्या प्रवासानंतर आऊट पुन्हा थोडा निघतो. आणि साखळी पुसून तेल द्यावं, कारण मिठागरांच्या बाजूची खारी हवा रात्रभरात तांबेरा आणते. बाकी केलेले बदल उतरवायची गरज नाही. मोठं फ्रीव्हील शहरातल्या उड्डाणपुलांवर रोज उपयोगी पडतं. घट्ट बांधलेलं चाक रोजच्या खड्ड्यांतही टिकतं. कॅरिअर तर राहूच द्यावं. पिशव्या तेवढ्या खुंटीला टांगायच्या, आणि सोमवारी त्याच सायकलवर डबा बांधून कामाला निघायचं.